कनेक्टिंग फ्लाइट चुकली, तर जबाबदारी कोणाची?

पुण्याहून अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातील एखादे मध्यम आकाराचे शहर गाठायचे म्हटले, की प्रवास एका विमानात पुरा होत नाही. दोन, तीन, कधी चार विमाने बदलावी लागतात आणि या बदलाबदलीत जो मनस्ताप होतो, तो आपण सहसा नशिबाच्या खाती टाकतो. विमान उशिरा आले, पुढचे निघून गेले, बॅग तिसऱ्याच देशात राहिली. प्रत्यक्षात यातील बराचसा मनस्ताप ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कारणांनी होतो. त्या जागा म्हणजे एक विमान संपून दुसरे सुरू होण्यापूर्वीचे जोड. अशा प्रत्येक जोडाविषयी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे: येथे काही बिघडले, तर मला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचे उत्तर तिकीट काढण्याच्या क्षणीच ठरून गेलेले असते आणि प्रवाशाला ते क्वचितच स्पष्ट शब्दांत सांगितले जाते.

मुळात पुण्यासारख्या मोठ्या शहरातून लांब पल्ल्याची थेट विमाने का नाहीत, हे आधी पाहू. लोहगावचा विमानतळ हा भारतीय हवाई दलाचा तळ असून नागरी वाहतूक त्याच्या एका भागातून चालते. २०२४ साली तेथे नवे टर्मिनल सुरू झाले, प्रवाशांची सोय वाढली. परंतु धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरचीच राहिली. दहा-बारा तासांच्या उड्डाणासाठी लागणारे इंधन आणि पूर्ण भरलेले मोठे विमान यांचे एकत्रित वजन इतके असते, की उड्डाणासाठी याहून बरीच लांब धावपट्टी लागते. २००८ साली लुफ्थान्सा या जर्मन कंपनीने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, तीही केवळ बिझनेस वर्गाची आसने असलेल्या छोट्या विमानाने, आणि ती पुढे टिकली नाही. आज लोहगावहून परदेशात थेट जाता येते, ते आखाती देश आणि आग्नेय आशियातील मोजक्या शहरांना. बाकी सर्वांना मुंबई, दिल्ली किंवा अन्य एखादे मोठे केंद्र गाठावेच लागते. पुरंदरच्या नियोजित विमानतळाची प्रतीक्षा पुणेकर गेली अनेक वर्षे करीत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत आणि तेथून लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय सेवा पुरेशी वाढली, तर पुणेकरांचा रस्त्यावरील वेळ बराच वाचेल.

मोठी धावपट्टी मिळाली, तरी थेट विमाने सर्वत्र जाणार नाहीत, कारण त्यामागे साधे गणित आहे. समजा आशियातील ५० आणि अमेरिका-युरोपातील ५० शहरे एकमेकांना जोडायची आहेत. प्रत्येक जोडीसाठी थेट विमान ठेवायचे, तर २,५०० मार्ग लागतील आणि त्यांतील बहुतेक विमाने अर्धी रिकामी जातील. मधोमध एक केंद्र घेतले, तर केवळ १०० मार्गांत प्रत्येक शहर दुसऱ्या प्रत्येक शहराशी जोडले जाते. दुबई, दोहा, अबुधाबी, फ्रँकफर्ट, इस्तंबूल ही केंद्रे याच गणितावर उभी आहेत. तेथे विमाने लाटांसारखी येतात: तास-दोन तासांत चहूबाजूंनी कित्येक विमाने उतरतात, प्रवासी व सामान यांची अदलाबदल होते आणि पुढच्या तास-दोन तासांत ती सर्व पुन्हा निघतात. या रचनेमुळे तिकीट स्वस्त होते आणि छोट्या गावांपर्यंत पोहोचता येते. मात्र एका लाटेतील उशीर शेकडो प्रवाशांच्या पुढच्या जोडांवर एकाच वेळी आदळतो, हीही याच रचनेची दुसरी बाजू आहे.

एक तिकीट आणि अनेक तिकिटे

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोथरूडचे एक निवृत्त पती-पत्नी मुलीकडे अमेरिकेत पिट्सबर्गला निघाले आहेत. मार्ग असा: पुण्याहून टॅक्सीने मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, तेथून शिकागो आणि शिकागोहून पिट्सबर्ग. वरवर पाहता विमाने तीन आणि जोड दोन. जबाबदारीच्या दृष्टीने पाहिले, तर जोड तीन आहेत, कारण पुणे ते मुंबई हा सुमारे १५० किलोमीटरचा रस्ता हाही प्रवासाचाच भाग आहे आणि त्याची जबाबदारी कोणत्याही विमान कंपनीवर नाही. खंडाळ्याच्या घाटात टँकर उलटला आणि चार तास वाहतूक खोळंबली, तर विमान चुकते आणि तिकिटाच्या नियमांत तुम्ही ‘न आलेले प्रवासी’ ठरता. त्यातच युरोपकडे जाणारी पुष्कळ विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेचे रात्री दीडचे विमान असेल, तर पुण्याहून १४ तारखेला दुपारीच निघायला हवे. तारखेचा हा घोटाळा जाणत्या प्रवाशांचाही होतो.

मुंबईच्या पुढचे दोन जोड कोणाच्या जबाबदारीवर, हे तिकिटाच्या रचनेवर अवलंबून आहे. तिन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील, म्हणजे एकाच व्यवहारात, एकाच प्रवास-करारात घेतलेली असतील, तर मुंबईचे विमान उशिरा पोहोचून फ्रँकफर्टचे पुढचे विमान चुकल्यास कंपनीने पुढच्या उपलब्ध विमानात जागा देऊन शेवटच्या शहरापर्यंत पोहोचवणे अपेक्षित असते, आणि त्यासाठी वेगळे भाडे पडत नाही. विमाने वेगवेगळ्या कंपन्यांची असली, तरी त्यांच्यात परस्पर करार असल्यास हे लागू राहते. याउलट मुंबई-फ्रँकफर्ट एका संकेतस्थळावरून आणि फ्रँकफर्ट-शिकागो दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट म्हणून वेगळे काढले असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही पुण्याहून आलात की फ्रँकफर्टमध्येच राहता, याने काही फरक पडत नाही. तुम्ही वेळेवर आला नाहीत, एवढीच तिची नोंद होते. पुढचे तिकीट त्या दिवशीच्या भावाने नव्याने काढावे लागते आणि तो भाव सहसा सर्वांत महागडा असतो.

तिकीट एक आहे की अनेक, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक ई-तिकिटावर १३ अंकी तिकीट क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, लुफ्थान्साचे २२०. सर्व विमानांसमोर एकच क्रमांक असेल, किंवा विमाने जास्त असल्यामुळे लागोपाठचे क्रमांक जोडून दिलेले असतील, तर तिकीट एक आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे क्रमांक आणि दोन स्वतंत्र पीएनआर (आरक्षण क्रमांक) दिसले, तर मधला जोड बहुधा तुमच्या स्वतःच्या जबाबदारीवर आहे. काही प्रवास संकेतस्थळे स्वतंत्र तिकिटे एकत्र बांधून एकाच प्रवासासारखी विकतात आणि ‘सेल्फ ट्रान्सफर’ अशी बारीक नोंद कोपऱ्यात देतात. माझ्या मते ही ग्राहकावर अन्याय करणारी पद्धत आहे. ज्या माहितीवर संपूर्ण प्रवासाची हमी अवलंबून आहे, ती भाड्याच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असायला हवी.

एकाच तिकिटाला एक कडक अटही असते. त्यातील विमाने छापलेल्या क्रमानेच वापरावी लागतात. पुणे-दिल्ली-फ्रँकफर्ट असे तिकीट असताना एखादा प्रवासी कामानिमित्त आधीच दिल्लीला गेला आणि ‘मी तेथूनच बसतो’ असे त्याने परस्पर ठरवले, तर पुण्याचे विमान न घेतल्यामुळे पुढची सर्व विमाने, अगदी परतीचीसुद्धा, आपोआप रद्द होतात. बदल करायचाच असेल, तर तो प्रवासापूर्वी कंपनीकडून करून घ्यावा लागतो.

दीड तास म्हणजे किती मिनिटे?

तिकिटावर दोन विमानांमध्ये दीड तासाचे अंतर दिसते, तेव्हा तो वेळ पुरेसा आहे असे संगणक कशावरून ठरवतो? प्रत्येक विमानतळावर विमान बदलण्यासाठी लागणारा किमान वेळ ठरवून दिलेला असतो. तो टर्मिनल, कंपनी, देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय अशा बाबींनुसार बदलतो. एकाच तिकिटावर त्याहून कमी वेळेचा जोड विक्री-यंत्रणा सहसा विकत नाही. पण हा किमान वेळ सर्व काही सुरळीत असताना, वाट माहीत असलेल्या आणि झपाझप चालणाऱ्या माणसाला पुरेल असा असतो. गुडघेदुखी, इंग्रजी पाट्यांचा गोंधळ, स्वच्छतागृहापुढची रांग यांचा हिशेब त्यात नसतो.

शिवाय दीड तास म्हणजे नव्वद मोकळी मिनिटे नव्हेत. तिकिटावरील आगमनाची वेळ ही विमान जागेवर उभे राहण्याची वेळ असते. तेथून दरवाजा उघडून मागच्या रांगेतील प्रवासी बाहेर पडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. सुटण्याची वेळही तशीच फसवी असते, कारण गेट त्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बंद होते. उरलेल्या पाऊण-एक तासात सुरक्षा तपासणी, टर्मिनलमधील गाडी किंवा बस आणि लागू असेल तेथे पासपोर्ट तपासणी, हे सारे बसवायचे असते. युरोपात शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत पासपोर्ट तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, प्रवेश होतो, तो पहिल्या विमानतळावर. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन अशा प्रवासात पासपोर्टची तपासणी लिस्बनला नव्हे, फ्रँकफर्टला होणार, आणि ती रांग जोडाच्या वेळेतूनच वजा होणार. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवणारी नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा नोंद करणाऱ्याला अर्थातच अधिक वेळ लागतो. अमेरिकेत तर पुढे देशांतर्गत जायचे असो वा तिसऱ्या देशात, पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन पूर्ण करावेच लागते. चेक-इन केलेले सामान तेथे पट्ट्यावरून उचलून, सीमाशुल्क ओलांडून, पुन्हा विमान कंपनीच्या हवाली करावे लागते, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. आपल्या उदाहरणातील जोडपे शिकागोला उतरेल, ते बहुधा टर्मिनल ५ वर. पिट्सबर्गचे विमान दुसऱ्याच टर्मिनलवरून असेल, मध्ये स्वयंचलित गाडी आणि नव्याने सुरक्षा तपासणी. येथे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आई-वडिलांचे तिकीट परदेशातून काढणाऱ्या मुला-मुलींनी स्वतःच्या चालण्याच्या वेगावरून अंदाज बांधू नये.

जोड वाढतील तशी अडचणीची शक्यता किती झपाट्याने वाढते, हेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एखादा जोड सुरळीत पार पडण्याची शक्यता ९० टक्के मानली, तर असे दोन जोड सुरळीत पार पडण्याची शक्यता ८१ टक्के होते आणि तीन जोडांची ७३ टक्क्यांच्या आसपास येते. एक अधिकचा थांबा घेऊन आठ-दहा हजार रुपये वाचत असतील, तर त्या बदल्यात आपण हीच जोखीम विकत घेत असतो.

मग पुढचे विमान दहा मिनिटे थांबत का नाही? प्रवाशाला पडणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे, की त्या विमानालाही उड्डाणाची नेमून दिलेली वेळ असते, वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते आणि त्यात बसलेल्या कित्येकांचे पुढचे जोड असतात. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियोजित उड्डाणांना बंदी आहे. तेथे रात्रीचे शेवटचे विमान रेंगाळले, तर ते सकाळीच सुटण्याची पाळी येते. कधी एकाच विमानातून आलेले तीस-चाळीस प्रवासी पुढच्या एकाच विमानाचे असतील, तर कंपनी थोडे थांबतेही. दोघा-चौघांसाठी ती थांबत नाही.

विमान चुकल्यानंतर दुसऱ्या विमानात जागा मिळायला एक-दोन दिवसही का लागतात, याचे कारण विमाने भरलेली असतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ साली जगभरातील विमानांची सरासरी ८३ टक्क्यांहून अधिक आसने भरलेली होती. सुट्ट्यांच्या हंगामात ती जवळजवळ पूर्ण भरतात, आणि अडकलेल्या दोनशे प्रवाशांना पुढच्या विमानातील पाच-सात रिकाम्या जागा कशा पुरणार? म्हणून दिवसातील शेवटच्या विमानाचा जोड शक्यतो टाळावा. सकाळच्या विमानाचा जोड चुकला, तर त्याच दिवशी दुसरी संधी असते.

अलीकडच्या काळात आकाशातील मार्गच बंद होण्याने या वेळापत्रकांचे आणखी हाल झाले आहेत. २०२२ पासून रशियाचे आकाश युरोपीय व अमेरिकी कंपन्यांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागू लागला. वेळ वाढला, इंधन वाढले, काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. एअर इंडियाने त्याच वर्षी सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा विमानांच्या कमतरतेबरोबर हेही कारण दिले होते. जून २०२५ मध्ये कतारचे आकाश काही तास बंद झाले आणि दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी खोळंबले. अशा वेळी कोणत्याही कंपनीकडून भरपाईची अपेक्षा धरता येत नाही. एका तिकिटावरील प्रवाशाला पुढे नेण्याचे किंवा पैसे परत देण्याचे कर्तव्य मात्र बहुतेक नियमांनुसार तेव्हाही कंपनीवर राहते.

बॅग का चुकते?

चेक-इन करताना बॅगेला लावलेल्या पट्टीवर दहा अंकी क्रमांक आणि शेवटच्या विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह असते. पुण्याचे चिन्ह ‘पीएनक्यू’ आहे. बॅग हवाली करताना ही तीन अक्षरे आपल्या शेवटच्या शहराची आहेत का, हे तेथेच पाहून घ्यावे. अमेरिकेला जाणाऱ्या सामानावर शेवटचे शहर छापलेले असले, तरी वर सांगितल्याप्रमाणे पहिल्या अमेरिकी विमानतळावर ते उचलावेच लागते. परतीच्या प्रवासातही बहुतेक वेळा दिल्ली किंवा मुंबईला बॅग घेऊन सीमाशुल्क ओलांडावे लागते आणि पुण्याच्या विमानासाठी ती पुन्हा द्यावी लागते.

विमानतळांना माहिती-तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सीता या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ साली दर हजार प्रवाशांमागे सुमारे ६.३ बॅगांच्या हाताळणीत चूक झाली, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, ४० टक्क्यांच्या आसपास, विमान बदलताना झालेल्या चुकांचा होता. कारण उघड आहे. प्रवासी धावत जाऊन पुढचे विमान पकडू शकतो; त्याची बॅग मात्र उतरवणे, वाहून नेणे, तपासणे, वर्गवारी करणे आणि पुन्हा चढवणे या साखळीतूनच जाते. म्हणूनच कमी वेळेच्या जोडात माणूस पोहोचतो आणि बॅग मागे राहते.

याच्या उलट प्रसंगी, म्हणजे बॅग चढली आणि प्रवासी आला नाही तर, ती शोधून खाली उतरवली जाते आणि त्यामुळे इतरांचे विमान उशिरा सुटते. या नियमामागे फार मोठे दुःख आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट होऊन ३२९ जणांचा मृत्यू झाला. तो बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरहून जोडविमानाने पुढे पाठवली गेली होती आणि तिचा मालक कोणत्याच विमानात बसला नव्हता. प्रवासी आणि त्याचे सामान यांची जुळणी केल्याशिवाय विमान सोडायचे नाही, ही शिस्त जगभर कडक झाली ती अशा घटनांनंतर. ‘एका माणसासाठी आम्हाला का बसवून ठेवले?’ असे वाटते, तेव्हा हे आठवावे.

औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, एक कपड्यांचा जोड, दागिने आणि पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावीत. विमान भरलेले असल्यामुळे गेटवर हातातील मोठी बॅग खाली पाठवायला सांगितले, तर यांतील औषधे आणि पॉवर बँक आधी काढून घ्यावीत. सुट्या लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक खालच्या सामानकक्षात ठेवायला मनाई आहे. तूप, लोणचे, मुरांबा हे मात्र चेक-इनच्या बॅगेत, कारण हे पदार्थ हातातील सामानाला लागू असलेल्या द्रवाच्या नियमात धरले जातात आणि मुंबईत सुटले, तरी पुढच्या विमानतळाच्या तपासणीत ते काढून टाकले जाऊ शकतात.

वाटेतला व्हिसा

ज्या देशात आपण केवळ विमान बदलणार आहोत, त्याचाही व्हिसा लागू शकतो, ही गोष्ट पुष्कळांना मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच कळते. अमेरिकेत विमान बदलण्यासाठीही भारतीय नागरिकाला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये सीमा न ओलांडता विमान बदलणाऱ्या भारतीयांनाही ट्रान्झिट व्हिसाचा नियम आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांचा वैध व्हिसा असलेल्यांना अटींसह त्यातून सूट मिळते. शेंगेन देशांतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. फ्रँकफर्टहून माद्रिद आणि माद्रिदहून दक्षिण अमेरिकेत जाणारा प्रवासी फ्रँकफर्ट-माद्रिद या टप्प्यात शेंगेनच्या आत प्रवास करतो, त्यामुळे त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. वेगळ्या तिकिटांवर प्रवास करणाऱ्याची अडचण आणखी वाढते. बॅग पुढे जात नसेल, तर ती घेण्यासाठी बाहेर पडावे लागते आणि बाहेर पडायचे, तर त्या देशाचा प्रवेश-व्हिसा लागतो. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

शरीराला काय सोसावे लागते

विमान कितीही उंच उडत असले, तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका राखतात. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ हवेत आपण दहा-बारा तास बसतो. आतील आर्द्रता २० टक्क्यांहूनही खाली जाते, म्हणून घसा कोरडा पडतो. चार तासांहून लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळले आहे. मूळ धोका लहान असल्यामुळे निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. पण अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. पूर्वेकडे जाताना झोपेचे घड्याळ पुढे ओढावे लागते आणि ते शरीराला अधिक जड जाते, त्यामुळे अमेरिकेहून परतल्यावर पुण्यात दिवसचे दिवस झोप लागत नाही.

वयस्कर प्रवाशांसाठी व्हीलचेअरची मदत मागण्यात संकोच करू नये. ती निदान ४८ तास आधी नोंदवावी, आणि नोंदवताना तीन प्रकारांतील नेमका सांगावा: लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्याही चढता येत नाहीत, किंवा आसनापर्यंत उचलून न्यावे लागते. एकाच तिकिटावर ही नोंद पुढच्या प्रत्येक विमानतळावर पोहोचते. वेगळ्या तिकिटांवर ती प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्रपणे करावी लागते. व्हीलचेअर येण्याची वाट पाहण्यातही वेळ जातो, हे जोड निवडताना लक्षात ठेवावे.

हक्क कोणते आणि कोठे

प्रवाशांच्या हक्कांविषयी समाजमाध्यमांवर ‘युरोपात उशीर झाला की ६०० युरो मिळतात’ अशी अर्धवट माहिती फिरते. युरोपीय संघाचा २००४ चा नियम युरोपातून सुटणाऱ्या प्रवासाला कोणत्याही कंपनीसाठी, आणि बाहेरून युरोपात येणाऱ्या प्रवासाला केवळ युरोपीय कंपन्यांसाठी लागू आहे. एकाच आरक्षणातील सर्व विमाने मिळून एक प्रवास धरला जातो. त्यामुळे मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन हा युरोपीय कंपनीचा प्रवास या नियमात बसतो. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो हा प्रवास, विमान युरोपीय कंपनीचे असूनही, बसत नाही, कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही युरोपाबाहेर आहेत. युरोपीय न्यायालयाने २०२२ साली हे स्पष्ट केले. म्हणजे आपल्या कोथरूडच्या जोडप्याला जाताना या नियमाचा आधार नाही. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. ऐन वेळी विमान रद्द होणे किंवा आसन नाकारणे यांसाठी भरपाई आणि लांबलेल्या उशिरात खाण्यापिण्याची सोय त्यांत आहे. त्यातही एकाच तिकिटावरील चुकलेल्या जोडाचाच विचार होतो.

सर्वांत व्यापक आधार आहे तो १९९९ च्या माँट्रियल कराराचा, ज्यात भारत २००९ साली सामील झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे हॉटेलचा, जेवणाचा, तातडीच्या कपड्यांचा खर्च, या करारानुसार मागता येतो. मात्र उशीर टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले होते, असे कंपनीने सिद्ध केले, तर ती सुटते. सामानासाठीची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून ही रक्कम आजच्या दराने दीड ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान जाते. बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण पुढचा सारा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो. बॅग मोडकी आली, तर सात दिवसांत, उशिरा आली, तर हाती पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि २१ दिवसांतही आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. बोर्डिंग पास, बॅगेच्या पट्टीचा तुकडा आणि प्रत्येक खर्चाची पावती यांची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत, कारण न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची असली, तरी छापील बोर्डिंग पासवरची अक्षरे काही महिन्यांतच पुसट होतात.